पाटकऱ्याचं पाणी

फडाच्या गावात पिकाला पाणी द्यायची वेळ आली की शेतकरी वावरात जात नसे. जायची गरजच नव्हती. पाणी केव्हा सुटणार, कोणाच्या वावरापासून सुरू होऊन कोणाच्या वावरात संपणार, किती भरायचं, बांध कुठे फोडायचा आणि कुठे बुजवायचा, हे सगळं पाटकरी बघे. मालक तेव्हा गुरांच्या मागे असे, बाजाराला गेलेला असे, नाहीतर घरी निवांत झोपलेला असे. धुळे जिल्ह्यात पांझरा आणि कान या नद्यांच्या काठी, शेजारी नाशिक जिल्ह्यात मोसम आणि आरम यांच्या काठी, ओलिताचा हा रिवाज तीनशे-चारशे वर्षं चालला.

आज त्याच पट्ट्यात शेतीची वीज रात्रपाळीला आली की माणसं बॅटरी घेऊन मोटारीकडे निघतात. थंडीचा कडाका, पायाखाली साप-विंचवाची धास्ती, कुठे फ्यूज उडालेला, कुठे स्टार्टर पकडत नाही. ज्याची विहीर त्याचं पाणी, ज्याचं पाणी त्याचीच जागरणं. या दोन चित्रांतला फरक विजेनं पडला असं सगळे म्हणतात. मला तो फरक वेगळा दिसतो. फडात पाणी जमिनीच्या मालकाच्या हाती नव्हतं. गावानं नेमलेल्या माणसाच्या हाती होतं. फडाचं सगळं शहाणपण या एका गोष्टीत आहे, आणि फड मोडले तेही याच ठिकाणी मोडले.

पांझरा सह्याद्रीच्या कुशीत, साक्री तालुक्यात पिंपळनेरच्या बाजूला उगम पावते. साक्रीच्या अंगानं आलेली कान तिला मिळते. मग ती धुळे शहरातून जाते, उत्तरेकडे वळते, न्याहळोदवरून पुढे अमळनेर तालुक्यातल्या मांडळ-मुडीच्या शिवाराला लागून वाहते आणि मुडावदला कपिलेश्वराच्या देवळापाशी तापीत शिरते. म्हणजे धुळे आणि जळगाव या दोन्ही जिल्ह्यांना ती पाणी लावते. तिच्या उगमाकडे पाऊस भरपूर आणि खाली धुळ्याकडे येता येता तो निम्म्यावर येतो. खालच्या गावांची शेती स्वतःच्या आभाळावर कधीच भागली नसती. वरचं पाणी खाली आणायचं कसं, हाच या खोऱ्याचा मूळ प्रश्न होता.

त्याचं निम्मं उत्तर खडकात आहे. सगळा खान्देश लाव्हाच्या थरांवर उभा आहे. थरांचा वरचा भाग सच्छिद्र आणि भेगाळ, मधे मधे लालसर मातकट पट्टे, त्याखाली पुन्हा घट्ट काळा दगड. पश्चिमेच्या डोंगरांत मुरलेलं पावसाचं पाणी या भेगांतून हळूहळू सरकतं आणि जिथे थर उघडा पडतो तिथे झऱ्याच्या रूपानं बाहेर येतं. एकेक झरा बोटभर धारेचा असतो. पण असे शेकडो झरे ओहोळांना मिळाले की पावसाळा सरल्यावरही नदी वाहती राहते. पांझरा पूर्वी उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत वाहायची ती या झऱ्यांच्या जोरावर. फडाचा रब्बी आणि ऊस उभा राहिला तो याच पाण्यावर. पावसाळ्यात सगळ्याच नद्या वाहतात, त्यात काही विशेष नाही.

धुळे-साक्री परिसराची आणखी एक खूण आहे. इथे काळ्या खडकाच्या भिंतीसारख्या पट्ट्या जमिनीतून उभ्या गेलेल्या दिसतात. भूशास्त्रज्ञ त्यांना डाइक म्हणतात. लाव्हाच्या थरांना चिरत वर आलेला शिलारस भेगेतच थिजला आणि आजूबाजूचा मऊ दगड झिजल्यावर तो उघडा पडला. नदीत असा चिवट खडक आडवा आला की बंधाऱ्याला पाया आयताच मिळतो. जुन्या गवंड्यांनी खडकाची ही ओळ धरून काम केलं. म्हणून जुना बंधारा नकाशावर सरळ रेषेत बसत नाही. तो खडकाबरोबर वळतो, तिरपा जातो. नदीच्या धारेला छाती लावून अडवण्यापेक्षा तिला बाजूला झुकवायचं, असं त्याचं धोरण. उंची मोजकीच. पूर आला की पाणी अख्ख्या बंधाऱ्यावरून निघून जाई. साठवण हा त्याचा हेतूच नव्हता. नदीची पातळी पाटाच्या तोंडाएवढी वर उचलली की त्याचं काम झालं.

तिथून पाट निघतो. कुणी त्याला कालवा म्हणतं. तो दोन किलोमीटरचा असेल किंवा दहा-बारा किलोमीटरचाही. नदी उतरत जाते आणि पाट डोंगरउताराच्या कडेनं जवळजवळ सपाटीवर चालत राहतो. त्यामुळे दोन-चार किलोमीटरनंतर पाट वर आणि नदी खाली अशी स्थिती येते. या दोहोंच्या मधे जी जमीन सापडते तीच फडाची जमीन, तिला थळ म्हणतात. पाटातून चाऱ्या निघतात, चाऱ्यांतून सारंग म्हणजे शेतापर्यंतच्या बारीक नाल्या. जास्तीचं पाणी परत नदीत सोडायला सांडवे. इंजिन नाही, मोट नाही, उपसा नाही. पाणी स्वतःच्या वजनानं चालतं आणि उतार सांभाळला की बाकी सगळं आपोआप होतं. पण उतार सांभाळणं हे काम किती नाजूक, ते पाट खोदलेल्या माणसालाच कळेल. हात-दोन हातांची चूक झाली तर एक तर गाळ बसतो, नाहीतर काठ खचतो.

शिवारात मुरलेलं पाणी पाझरून पुन्हा नदीत उतरतं आणि खालच्या गावच्या बंधाऱ्याला मिळतं. पांझरेवर असे बंधारे एकापाठोपाठ एक का बांधता आले, त्याचं हे कारण. वरच्यानं पाणी घेतलं म्हणजे खालच्याचं गेलं असा तो सरळ वजाबाकीचा हिशेब नव्हता.

आता फड म्हणजे काय ते सांगतो, कारण खरी करामत तिथे आहे. बंधाऱ्याखालच्या सगळ्या जमिनीचे गावानं मोठे भाग पाडले, बहुधा चार. तो प्रत्येक भाग एक फड. कुठे दहा-वीस हेक्टरांचा, कुठे शंभर-दोनशेचा. पावसाळा सरत आला, नदीला धार किती आहे याचा अंदाज आला की पंच बसत आणि ठरवत, यंदा कोणत्या फडात काय. साधारण मांडणी अशी, की एका फडात ऊस, दोहोंत हंगामी पिकं आणि एखादा फड कोरडवाहू किंवा पडीक. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं. पुढच्या साली फड बदलत. आज जिथे ऊस, तिथे काही वर्षांनी गहू, हरभरा, मग बाजरी.

आणि याच्या मुळाशी आणखी एक अट होती. जवळपास प्रत्येक खातेदाराची थोडी थोडी जमीन प्रत्येक फडात असायची. एकाचं शेत एकाच जागी सलग नसे, तुकड्यांत विखुरलेलं असे. शेतीशास्त्राच्या पुस्तकात जमिनीचे तुकडे हा दोष म्हणून शिकवतात. फडाच्या गावात हेच तुकडे न्यायाचा पाया होते. समजा नदीला यंदा पाणी कमी आहे. पंच म्हणणार, चारपैकी दोनच फड भिजतील. सोडलेल्या फडात पाटलाचीही जमीन आहे आणि दोन बिघेवाल्याचीही. भिजणाऱ्या फडांतही दोघांची आहे. तूट आली ती सगळ्यांच्या वाट्याला ज्याच्या त्याच्या प्रमाणात आली. कोणाचं अख्खं पीक गेलं आणि कोणाचं अख्खं वाचलं असं झालं नाही. कालव्यावरच्या प्रत्येक गावात आज जे भांडण आहे, डोक्याकडचा शेतकरी पोटभर पाणी घेतो आणि शेपटाकडचा कोरडा राहतो, ते भांडण फडानं जमिनीच्या मांडणीतच मिटवून टाकलं होतं. दुष्काळाची वाटणी कशी करायची हे ज्या समाजाला सुचलं, त्याला माझा मनापासून नमस्कार आहे. सुकाळाची वाटणी कोणीही करील.

एका फडात एकच पीक, यालाही कारणं होती. सगळ्यांची पाण्याची निकड एका वेळी येते, म्हणून चारी एकदा उघडली की फड पूर्ण भिजवूनच बंद करायची. मधे सोड-बांध नाही, म्हणून पाणी वाया जात नाही. सगळ्यांची कापणी एकदम होते, म्हणून राखण सोपी. ऊस एका जागी ठाण मांडून बसत नाही, म्हणून जमीन पाणथळ होत नाही, खारवत नाही. नीरा-प्रवरेच्या कालव्यांखाली उसानं किती जमीन चोपण केली ते महाराष्ट्रानं पाहिलं आहे. पांझरेकाठी शेकडो वर्षं ऊस झाला, गुऱ्हाळं चालली, गूळ बाजारात गेला आणि जमीन तरीही हाती राहिली.

हे चालवायला माणसं लागत. पाटावर लक्ष ठेवणारा, कुठे काठ फुटला, कुठे गाळ चढला ते बघणारा हवालदार. पिकाची राखण करणारा, मोकाट गुरं हाकणारा जागल्या. आणि पाणी देणारा पाटकरी. काही गावांत प्रत्यक्ष वावर भिजवणाऱ्याला बारेकरीही म्हणत.

पाटकऱ्याच्या हातातलं हत्यार एकच, फावडं. तो सारंगेचा काठ दोन घावांत कापतो आणि निघालेलं मातीचं ढेकूळ लांब फेकत नाही, तिथेच बाजूला ठेवतो, कारण थोड्या वेळानं त्याच ढेकळानं तोंड बंद करायचं असतं. पाणी वावराच्या वरच्या कोपऱ्यातून आत शिरतं. सरीतून पुढे सरकणाऱ्या पाण्याला पुढच्या टोकाशी मातीचा भुरका फेस आणि काडीकचरा असतो, त्याकडे त्याची नजर असते. ते टोक बांधाला पोहोचेपर्यंत तो थांबत नाही. पाऊण वावर भिजलं की तोंड बंद करतो, कारण मागे साचलेलं पाणी उरलेलं पाव वावर आपल्या वेगानं गाठतं. हलकी जमीन असेल तर जरा उशिरा, काळी भारी असेल तर जरा लवकर. तोंड बुजवताना आधी उसाचं पाचट किंवा गवताची जुडी, वर चिखल, त्यावर टाच. मग पुढचं वावर. वावर कोणाचं हे त्याच्या हिशेबात येत नाही, फक्त वावराचा क्रम येतो. त्याला मेहनताना पूर्वी धान्यात मिळे, सुगीला खळ्यावर, प्रत्येक खातेदाराकडून जमिनीच्या प्रमाणात. म्हणजे एखाद्याचं शेत कोरडं राहिलं तर पाटकऱ्याचंही पोट तेवढं रिकामं. गावाचा माणूस निःपक्ष राहावा म्हणून याहून बरी व्यवस्था मला सुचत नाही.

दर साली पाट साफ करायचा तोही जमिनीच्या प्रमाणात. ज्याची जमीन जास्त त्यानं माणसं जास्त द्यायची, नाहीतर त्याबदली पैसा किंवा धान्य.

याची सुरुवात कोणी केली याचा एकच एक शिलालेख नाही. लोकांत सर्वसाधारण समज आहे की बंधारे मुसलमानी अमदानीतले, फारुकी राजांच्या किंवा नंतरच्या मोगलांच्या काळातले. फारुकींनी चौदाव्या शतकाच्या अखेरीस थाळनेरहून राज्य सुरू केलं, पुढे बऱ्हाणपूर वसवलं, आणि १६०१ मध्ये अकबरानं असीरगड घेतला तेव्हा त्यांची सत्ता संपली. या काळात खान्देशात पाण्याची मोठी कामं झाली यात शंका नाही. १८८० साली कॅम्पबेलच्या देखरेखीखाली निघालेल्या खान्देश गॅझेटियरनं पांझरेवरच्या बंधाऱ्यांची आणि पाटांच्या ओलिताची दखल घेतली आहे. इंग्रज आले तेव्हा फड चालू होते. त्यांनी ते बांधले नाहीत. त्यांनी नोंदवले, काही दुरुस्त केले आणि पाणीपट्टी बसवली.

या दुरुस्तीच्या कामावर १८८४ साली मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात नुकताच लागलेला एक तरुण असिस्टंट इंजिनिअर धुळ्याला आला. त्याचं नाव मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या. पांझरेच्या एका पाटासाठी नळाचा सायफन टाकण्याचं काम त्याला मिळालं, साक्री तालुक्यात दातर्तीला. पावसाळा तोंडावर होता, पुरानं आणि वाळूनं काम अडत होतं, पण त्यानं ते पुरं केलं. आयुष्याच्या अखेरीस लिहिलेल्या आठवणींत विश्वेश्वरय्यांनी या कामाचा उल्लेख केला आहे. पुढे त्यांची कीर्ती झाली ती खडकवासल्याच्या स्वयंचलित दारांची आणि म्हैसूरच्या कृष्णराजसागराची. पण मला महत्त्वाची वाटते ती शतक बदलताना त्यांनी नीरा कालव्यावर मांडलेली ब्लॉक पद्धत. पाणी सुट्या शेतांना न देता ठरावीक सलग पट्ट्यांना द्यायचं, पट्ट्यातल्या थोड्याच भागात ऊस, बाकीच्यात हंगामी पिकं, आणि पाण्याची हमी काही वर्षांसाठी. फड पाहिलेल्या माणसाला यात फड दिसतो. पंचविशीही न गाठलेल्या इंजिनिअरनं पांझरेकाठी जे पाहिलं ते त्याच्या मनात राहिलं असावं, असं मी धरून चालतो. फरक मोठा एकच. ब्लॉकला पंच नव्हते. पाणी सरकारी चौकीदाराच्या हाती होतं.

खान्देशच्या भोवतालानं पाण्याच्या उताराचं आणखी काय काय केलं तेही इथेच सांगायला हवं. उत्तरेला सातपुड्याच्या पायथ्याला बऱ्हाणपूरजवळ सतराव्या शतकाच्या सुरुवातीला अब्दुल रहीम खानखानाच्या काळात कुंडी भंडारा बांधला गेला. डोंगरातून झिरपणारं पाणी जमिनीखालच्या बोगद्यात गोळा करायचं आणि शंभरावर कुंड्यांच्या ओळीतून उतारानं शहरात न्यायचं. बऱ्हाणपूर आता मध्य प्रदेशात आहे, पण ती खान्देशची जुनी राजधानी, आणि तिथलं हे पाणी आजही वाहतं.

दक्षिणेला अजिंठ्याची रांग ओलांडली की छत्रपती संभाजीनगरची पाणचक्की. बुखाऱ्याकडून आलेल्या बाबा शाह मुसाफिर या सूफी संताच्या दर्ग्याच्या आवारात सतराव्या शतकाच्या अखेरीपासून पुढच्या अर्धशतकात हे सगळं उभं राहिलं. शहराच्या उत्तरेकडे हर्सूलच्या बाजूचं झऱ्यांचं पाणी मातीच्या नळांतून जमिनीखालून आणलं, भिंतीत उंच चढवलं आणि तिथून लोखंडी पात्यांच्या आडव्या चाकावर सोडलं. चाकाबरोबर दगडी जातं फिरे आणि दर्ग्यातल्या फकीर-विद्यार्थ्यांसाठी पीठ निघे. तेच पाणी पुढे हौदात पडतं. त्या हौदाचा तळ म्हणजे खालच्या प्रशस्त दालनाचं छत, त्यामुळे दालन उन्हाळ्यात गार. उरलेलं पाणी खाम नदीत. एका धारेनं दळलं, गारवा दिला, डोळ्यांना सुख दिलं आणि ती नदीला परत मिळाली. खान्देशात दळण बायकांच्या हातांनी घरोट्यावर होत राहिलं. इथे उताराचं बळ गेलं ते शेताकडे. पण पाणी एकदा वापरून संपत नाही, ते पुढच्याला देता येतं, ही समज दोन्हीकडे एकच.

आणि पाणी चालवायचा अधिकार गावाकडे ठेवणं हेही केवळ आपल्याकडचं नाही. स्पेनमध्ये व्हॅलेन्सियाला आठ कालव्यांचे शेतकरी प्रतिनिधी दर गुरुवारी दुपारी बाराला कॅथीड्रलच्या दाराशी बसतात आणि पाण्याचे तंटे तोंडी मिटवतात. युनेस्कोनं २००९ साली त्यांना अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान दिलं. त्याच साली एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. सरकार किंवा खाजगी मालक याशिवाय तिसऱ्या मार्गानं, लोकांनी आपसात नियम करून, सामायिक साधनं शतकानुशतकं नीट चालवता येतात, हे त्यांनी दाखवलं होतं, आणि त्यांच्या उदाहरणांत व्हॅलेन्सियाची ओलिताची जमीन होती. बालीच्या भातशेतीतली सुबाक ही पाणीव्यवस्था २०१२ मध्ये जागतिक वारसा यादीत गेली. पांझरेचे फड त्या पंगतीत शोभले असते. आपल्याकडे १९९७ साली दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंटनं पारंपरिक जलव्यवस्थांवर ग्रंथ काढला, त्यात फडाला जागा मिळाली. ज्या गावांनी फड चालवला त्यांच्या मुलांच्या शाळेच्या पुस्तकात मात्र तो ठसठशीतपणे यायला हवा होता.

फडाची बाजू मांडताना एक गोष्ट झाकून ठेवणं मला पटत नाही. फडातला न्याय हा खातेदारांमधला न्याय होता. ज्याला जमीन नाही त्याला पाण्यात हिस्सा नाही. खान्देशात जागल्याचं काम पिढ्यान्‌पिढ्या बहुतेक भिल्लांकडे राहिलं. ज्यांनी रात्रभर ऊस राखला त्यांच्या नावावर फडात वावर क्वचितच असे. पंचांत बायका नव्हत्या, वावरात मात्र निंदणी-खुरपणी त्यांचीच होती. उद्या फड पुन्हा उभा करायचा असेल तर ही जुनी चूक तशीच उचलून आणता येणार नाही. पुण्याजवळ नायगावला विलासराव साळुंखे यांनी सत्तरच्या दशकात पाणी पंचायतीची सुरुवात केली तेव्हा पाणी जमिनीला न देता माणसाला, कुटुंबातल्या डोक्यांच्या हिशेबानं द्यायचं ठरवलं, भूमिहीनालाही हिस्सा धरला आणि उसाला बंदी केली. फडाला जे सुचलं नव्हतं ते त्यांना सुचलं.

फड मोडले कसे? एका दिवसात नाही. स्वातंत्र्यानंतर नदीच्या वरच्या अंगाला धरणं झाली, पांझरेवर लाटीपाडा, कानवर मालनगाव, जामखेलीचं धरण आणि अलीकडच्या काळात खाली अक्कलपाडा, म्हणजे निम्न पांझरा प्रकल्प. धरणं वाईट म्हणून मी हे लिहीत नाही. धुळे शहर आज त्या पाण्यावर जगतं. पण धरण झालं की नदीची धार ही निसर्गाची गोष्ट राहत नाही, ती आवर्तनाची तारीख होते. बंधाऱ्याला पाणी कधी मिळणार हे झऱ्यांऐवजी कार्यालय ठरवू लागलं. पंच बसून ठरवणार काय, जेव्हा धारच त्यांच्या अंदाजात राहिली नाही?

दुसरं कारण विहीर. यात मोठा विरोधाभास आहे. फडाच्या पाझरानं भूजल वर राहिलं, म्हणून विहिरींना पाणी लागलं. विहिरीवर वीज आली, मोटार बसली, आणि ज्याची मोटार त्याला फडाची शिस्त जाचू लागली. मी माझ्या वावरात यंदा कांदा लावीन, मी सगळीकडे ऊस लावीन, पंच कोण सांगणारे? साक्रीजवळ भाडण्याला पांझरा-कान सहकारी साखर कारखाना उभा राहिला तेव्हा उसाला घरापाशी गिऱ्हाईक आलं. ऊस फडाफडांतून फिरता राहिला नाही, मोटारीच्या मागे गेला. ज्यांची विहीर झाली ते सभेला यायचे कमी झाले, मग पाट साफ करायला माणूस देईनासे झाले, मग पाटकऱ्याचं धान्य थकलं. पाटकऱ्याचा मुलगा धुळ्याला, सुरतेला कामाला गेला.

तिसरं वाळू. नदीचं पात्र ही एक मोठी साठवण असते. वाळूत मुरलेलं पाणी महिनोन्‌महिने खाली झिरपत राहतं, उन्हाळ्यात झिरे खोदून बायका त्यातूनच पाणी भरतात. खान्देशातल्या नद्यांमधली वाळू इतकी उपसली गेली की ठिकठिकाणी पात्र खाली गेलं. पात्र खाली गेलं की पाटाचं तोंड उंच राहतं आणि बंधाऱ्याचा पाया उघडा पडतो. शेकडो पुरांना दाद न देणाऱ्या दगडाला ट्रॅक्टरनं हरवलं.

काही ठिकाणी फड अजून आहेत, तुकड्यातुकड्यांनी. कुठे एखादा फड जुन्या क्रमानं भिजतो, कुठे फक्त पाट उरला आहे आणि त्यावर ज्याचे त्याचे पाइप. कायद्याच्या पुस्तकात त्यांना जागा आहे. १८७९ च्या मुंबई पाटबंधारे कायद्यात पुढे दुय्यम वर्गाच्या कामांचं प्रकरण आलं, १९७६ च्या महाराष्ट्राच्या कायद्यानंही त्या कामांची दखल घेतली. २००५ मध्ये शेतकऱ्यांच्या पाणी वापर संस्थांचा कायदा झाला. त्या कायद्यानं जे करायला सांगितलं, म्हणजे पाणी मोजून संस्थेला द्यायचं आणि आतली वाटणी संस्थेनं करायची, ते पांझरेची गावं कायद्याआधी काही शतकं करत होती. नाशिक जिल्ह्यात दिंडोरीच्या वाघाड धरणावर बापूसाहेब उपाध्ये आणि ओझरच्या समाज परिवर्तन केंद्रानं नव्वदच्या दशकापासून शेतकऱ्यांच्या संस्था उभ्या केल्या आणि अख्ख्या प्रकल्पाचं व्यवस्थापन शेतकऱ्यांच्या हाती आलं. म्हणजे ही माणसं आजही असं करू शकतात. मोटार आल्यावर माणूस सामूहिक कामाला नालायक होतो असं मानायचं कारण नाही.

उगमाकडे बघितलं तरी हेच दिसतं. साक्री तालुक्याच्या पश्चिम टोकाला बारीपाडा हे कोकणा आदिवासींचं छोटं गाव आहे. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला तिथला डोंगर बोडका होता आणि बायका पाण्यासाठी लांब जात. चैत्राम पवार आणि गावकऱ्यांनी सुमारे ४४५ हेक्टर जंगल राखायचं ठरवलं, कुऱ्हाडबंदी केली, तोडणाऱ्याला दंड लावला, राखणीला गावचीच माणसं नेमली. विहिरींना पाणी आलं. आता हे गाव शेजाऱ्यांना पाणी देतं. २०२५ मध्ये पवारांना पद्मश्री मिळाली. पांझरेकाठी जो करार पाण्याबद्दल होता तोच इथे झाडांबद्दल झाला. मालकी कोणाचीही असो, राखायचं काम गावानं नेमलेल्या माणसाकडे आणि नियम सगळ्यांना सारखा. झरे जिवंत व्हायला हवे असतील तर उगमाकडची अशी गावं वाढली पाहिजेत. खाली नुसतं बंधाऱ्यांचं दगडकाम दुरुस्त करून धार परत येणार नाही.

आणि दगडकामाच्या दुरुस्तीला निधी मिळतोही. मिळत नाही तो हक्क. निम्न पांझरा प्रकल्पाच्या पाण्याच्या वाटपात शहर आहे, उद्योग आहे, नवा कालवा आहे. फड बंधाऱ्यांचा हिस्सा तिथे घनमीटरमध्ये, महिन्यासकट लिहिलेला असला पाहिजे, उरलं तर सोडू अशा शब्दांत नाही. ज्यांचा वापर सर्वांत जुना त्यांना सर्वांत शेवटी विचारायचं, हे न्यायाला धरून नाही.

यासाठी आधी एक काम लगेच करण्यासारखं आहे. पाटकरी म्हणून हयात घालवलेली माणसं आता सत्तरी-ऐंशीत आहेत. कोणत्या चारीनंतर कोणती उघडायची, काळ्या रानाला किती वेळ आणि मुरमाड रानाला किती, तुटीच्या साली कोणता फड आधी सोडायचा, पाटाच्या कोणत्या वळणाला काठ दर पावसाळ्यात खचतो, सांडवा कोणत्या पातळीला मोकळा करायचा, खालच्या गावाला पाणी कोणत्या महिन्यापर्यंत जायचं, हे सगळं त्यांना पाठ आहे. धुळ्यात वि. का. राजवाड्यांच्या नावानं उभं असलेलं संशोधन मंडळ आहे, कॉलेजं आहेत, भूगोलाचे विद्यार्थी आहेत. त्यांनी बंधाऱ्यामागून बंधारा घेऊन हे लिहून काढावं, मोजणीच्या नकाशावर फड आखावेत, गावच्या पंचांच्या सह्या घ्याव्यात, आणि ते दप्तर अक्कलपाड्याच्या पुढच्या आवर्तनाची बैठक होण्याआधी पाटबंधारे खात्याच्या टेबलावर ठेवावं.